टायमर आठच तासांचा, तरी काचेवर शेवाळ: फिशटँकचा दिवा कोणता आणि किती वेळ?

गप्पीवाला (पुणे), मूळ धागा

नमस्कार मंडळी. आमच्या घरी जूनपासून दोन फुटी टँक आहे. लांबी ६० सेंटिमीटर, रुंदी आणि उंची प्रत्येकी ३०, म्हणजे काठोकाठ भरला तर ५४ लिटर; रेती, दगड आणि वर सोडलेली दोन बोटे जागा वजा जाता प्रत्यक्ष पाणी त्याहून कमीच. आत दहा निऑन टेट्रा आणि काही गप्पी आहेत. वनस्पतींमध्ये लाकडाला बांधलेले जावा फर्न आणि अनुबियस, तर मागच्या बाजूला व्हॅलिस्नेरियाची रांग. वर १८ वॉटची एलईडी पट्टी असून खोक्यावर ६५०० केल्विन (प्रकाशाचा रंग) आणि १६०० लुमेन (एकूण प्रकाश) असे छापलेले आहे. दिवा टायमरवर दुपारी एक ते रात्री नऊ असा चालतो.

दसऱ्यापर्यंत टँक काचेसारखा स्वच्छ होता. दिवाळीच्या सुमारास उजव्या काचेवर हिरवा पापुद्रा धरू लागला आणि अनुबियसच्या पानांवर टणक हिरवे ठिपके आले. रविवारी जुन्या एटीएम कार्डाने काच खरवडतो, तेव्हा करकर आवाज होऊन हिरवा भुगा खाली पडतो, आणि गुरुवारपर्यंत काच पुन्हा हिरवी होते. टायमर आठ तासांवरून सहावर आणला. शेवाळावर काही परिणाम झाला नाही, व्हॅलिस्नेरिया मात्र पिवळसर पडू लागली. ज्या दुकानातून टँक घेतला तेथे शेवाळ मारण्याची बाटली आणि ‘वनस्पतींसाठी खास’ असा जांभळा दिवा घ्यायला सांगत आहेत. दोन्हींचा खर्च करण्याआधी येथे विचारावे असे वाटले. दिवा किती तास ठेवावा, आणि मुळात दिवा बदलण्याची गरज आहे का?

पाणवनस्पती

बाटली घेऊ नका, हे आधी सांगते. शेवाळ मारणाऱ्या काही औषधांत तांबे असते आणि ते कोळंबी-गोगलगायींना सोसत नाही. काहींत ग्लुटराल्डिहाइड असते, आणि व्हॅलिस्नेरिया त्यापुढे अक्षरशः विरघळते. एका बाजूला शेवाळ जाईल आणि दुसऱ्या बाजूला कुजलेली पाने पाण्यात नवे खत सोडतील.

आता दिव्याविषयी. जुन्या पुस्तकांत एका गॅलनला इतके वॉट असा हिशेब असे, तो नळीच्या दिव्यांचा होता. एलईडी कमी वॉटमध्ये कितीतरी जास्त प्रकाश देते, त्यामुळे तो नियम आज लावला तर वनस्पतींना गरजेच्या दुप्पट-तिप्पट उजेड मिळतो. त्यापेक्षा लिटरमागे लुमेन हा ठोकताळा बरा: दहा ते वीस म्हणजे मंद, वीस ते चाळीस म्हणजे मध्यम, आणि चाळिसाच्या वर गेलात तर कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर आणि नियमित खत यांची तयारी हवी. तुमचे १६०० भागिले ५४ म्हणजे जवळपास तीस होतात. जावा फर्न आणि अनुबियस या दोन्ही सावलीतल्या, सावकाश वाढणाऱ्या वनस्पती आहेत. त्यांचे एक पान महिना महिना तसेच राहते, म्हणून शेवाळाला त्यावर बसायला निवांत वेळ मिळतो. तेव्हा तुमचा दिवा कमी पडत नाही. तुमच्या वनस्पतींसाठी तो थोडा जास्तच आहे. पट्टी चार-पाच इंच वर उचलली किंवा डिमर लावला तरी काम होईल.

जांभळ्या दिव्याची गोष्ट अशी आहे की हरितद्रव्य निळा आणि तांबडा प्रकाश अधिक शोषते, हे खरे. म्हणून त्या दोनच रंगांचे दिवे विकले जातात. परंतु वनस्पती हिरवा प्रकाशही वापरतात, आणि साध्या पांढऱ्या एलईडीमध्ये निळा व तांबडा दोन्ही असतात. जांभळ्या दिव्यात निऑनची तांबडी पट्टी भडक दिसते, दुकानात ते पाहून आपण भुलतो, आणि घरी आल्यावर आठवडाभरात हॉलमध्ये कोणी जांभळा बल्ब का लावला आहे असे पाहुणे विचारू लागतात. इलेक्ट्रिकच्या दुकानात ‘कूल डे लाइट’ म्हणून मिळणारा ६५०० केल्विनचा साधा नऊ वॉटचा बल्बदेखील आठशे-नऊशे लुमेन देतो. परावर्तक लावून तो टँकवर टांगला तर फर्न-अनुबियसला पुरतो, हे मी स्वतः दोन वर्षे केले आहे.

निशाचर

ताईंशी सहमत. वेळेबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. धागाकर्ते नोकरी करत असतील तर दुपारी एकला दिवा कोणासाठी लागतो? दिवसातून सहा-सात तासच प्रकाश द्यायचा असेल, तर आपण घरी असतो ते तास त्यात आले पाहिजेत. मी संध्याकाळी चार ते रात्री अकरा असा टायमर लावला आहे. घरी येऊन चहा घेताना टँक उजळलेला असतो आणि झोपायच्या वेळी तो आपोआप मालवतो. माशांना त्यांचा दिवस नेमका कधी उगवतो याने फरक पडत नाही. तो रोज ठरावीक वेळी उगवावा आणि रात्री पूर्ण अंधार व्हावा, एवढेच त्यांना लागते. त्यांना पापण्या नसतात, डोळे मिटून घेण्याची सोय नाही. रात्रभर निळा ‘चांदण्याचा’ दिवा चालू ठेवणाऱ्यांनी याचा विचार करावा.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. अंधारात निऑन टेट्रांचे रंग उतरतात. निळी रेघ फिकी, तांबडी पट्टी राखाडी. अशा वेळी वरचा दिवा एकदम लागला की त्या इवल्याशा मासोळ्या दचकून काचेवर आपटतात. आता मी आधी खोलीतला दिवा लावतो, दहा मिनिटांनी टँकचा, आणि रात्री याच्या उलट. महागड्या पट्ट्यांमध्ये हळूहळू उजळण्याची सोय असते, पण खोलीतले बटण फुकट आहे.

डॅनिओ

तास मोजताना मासे आणि शेवाळ यांची गल्लत होते, म्हणून थोडे लिहितो. झेब्रा डॅनिओ हा आपल्या उपखंडातला मासा जगभरच्या प्रयोगशाळांत पाळला जातो आणि तेथे चौदा तास उजेड, दहा तास अंधार हा सर्वमान्य प्रघात आहे. उजेड होताच ते अंडी घालतात, म्हणून त्यांचे वेळापत्रक फार काटेकोर सांभाळतात. म्हणजे चौदा तास उजेडाने मासा आजारी पडत नाही. मुंबईतला निसर्गाचा दिवसही डिसेंबरात सुमारे अकरा तासांचा आणि जूनमध्ये सव्वातेरा तासांचा असतो. आपण टँकला सहा-आठ तास म्हणतो ते शेवाळासाठी, आणि ही मर्यादा टँकगणिक बदलते. नव्या टँकमध्ये वनस्पती रुजेपर्यंत सहा तास पुरेत, पुढे आठ; दहाच्या वर जाण्याचे कारण मला कधी सापडले नाही.

बत्तीगुल

टायमर कोणता आहे, हे धागाकर्त्यांनी लिहिलेले नाही. गोल चकती आणि तिच्याभोवती पंधरा पंधरा मिनिटांच्या ९६ खुंट्या असलेला यांत्रिक टायमर असेल, तर त्याच्या घड्याळावर डोळा ठेवावा. तो विजेवरच फिरतो. दुपारी दोन तास वीज गेली की तोही दोन तास मागे पडतो, आणि महिन्याभरात तुमचा एक ते नऊचा दिवा मध्यरात्रीपर्यंत जळू लागतो. एकूण तास तेवढेच राहतात, पण माशांची रात्र कुठल्या कुठे सरकते. आत छोटी बॅटरी असलेला डिजिटल टायमर यापेक्षा भरवशाचा. वायफायच्या प्लगमध्ये वीज परत आल्यावर चालू व्हायचे की बंद राहायचे, हे सेटिंग आधी पाहून ठेवावे. माझा प्लग तीन दिवस बंदच होता आणि मी गावाला होतो.

विषय निघालाच आहे तर विजेचेही सांगतो, कारण पाणी आणि वीज हातभर अंतरावर आहेत. पट्टीची तार प्लगकडे जाण्याआधी प्लगच्या खाली लोंबती ठेवावी, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी त्या झोळावरून खाली टपकते, सॉकेटमध्ये शिरत नाही. पट्टीवर आयपी ६७ लिहिलेले असेल तर ती पाण्यात पडली तरी काही वेळ तग धरते. आयपी ६५ म्हणजे फक्त उडणाऱ्या पाण्यापुरते संरक्षण. घराच्या मुख्य पेटीत ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारे उपकरण) नसेल तर दिवा, फिल्टर आणि हीटर यांच्या खर्चाआधी तो खर्च करावा. टँकमध्ये हात घालण्यापूर्वी सगळे प्लग काढावेत, हे मी आता तिसऱ्यांदा येथे लिहीत आहे.

उन्हाळी

नागपुरातून लिहीत आहे, त्यामुळे माझी अडचण उलटी. आमच्याकडे मे महिन्यात दुपारचा दिवा म्हणजे तव्याखाली आणखी जाळ. वीस अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तीस अंशांत साडेसातच, आणि गरम पाण्यात माशांची भूक व श्वास दोन्ही वाढतात. जुन्या टी-८ नळ्या आणि त्यांचे चोक झाकणाखाली बंदिस्त असत, तेव्हा दोन-दोन अंश सहज चढत. एलईडीने ते कमी केले, तरी मी उन्हाळ्यात दिवा रात्री सात ते एक असा नेतो आणि झाकण उघडे ठेवतो. पहाटे मासे वर तोंड काढून दिसले तर दिव्याला दोष देऊ नका. अंधारात वनस्पतीही प्राणवायू घेतात, म्हणून पहाटेच त्याची पातळी सर्वांत खाली असते. रात्री हवेचा पंप चालू ठेवावा.

निशाचर

मधल्या सुट्टीबद्दल कोणी लिहिले नाही. सकाळी तीन तास, दुपारी बंद, संध्याकाळी चार तास. याने शेवाळ उपाशी मरते असे म्हणतात.

पाणवनस्पती

शेवाळ चार तासांच्या सुट्टीने मरत नाही, ते तुमच्या-आमच्यापेक्षा चिवट आहे. सिलिंडर नसलेल्या टँकमध्ये सकाळच्या प्रकाशात वनस्पती पाण्यातला कार्बन डायऑक्साइड संपवतात आणि सुट्टीत तो थोडा भरून येतो, इतपत फायदा मान्य आहे. सकाळी शाळेत जाणाऱ्या मुलांना मासे पाहायचे असतील तर जरूर करावे. सिलिंडर लावणाऱ्यांनी मात्र सुट्टीच्या भानगडीत न पडता वायू दिव्याच्या तास-दोन तास आधी सुरू करावा आणि दिव्याच्या तासभर आधी बंद करावा.

दक्षिणायन

सगळे प्रतिसाद वाचले. सल्ले योग्य आहेत, पण धागाकर्त्यांचा दिवा जूनपासून तोच, तास तेच, वनस्पती त्याच. मग दसऱ्यापर्यंत स्वच्छ राहिलेला टँक दिवाळीत का बिघडला? आणि शेवाळ उजव्याच काचेवर का? वरून पडणाऱ्या दिव्याचे शेवाळ एका बाजूची निवड करत नाही.

मला तीन गोष्टी सांगाल का? उजव्या बाजूला खिडकी आहे का, ती कोणत्या दिशेला आहे, आणि शेवाळ काचेवर वरून खाली उतरले की खालून वर चढले?

गप्पीवाला (पुणे)

यांत्रिक टायमर आहे, आणि तो पाहिला तर खरोखरच पन्नास मिनिटे मागे होता. बत्तीगुल यांचे आभार. उजव्या बाजूला अडीच फुटांवर हॉलची सरकती खिडकी आहे, दक्षिणेची, आणि आमच्या इमारतीत खिडक्यांना छज्जा नाही. पण जूनमध्ये टँक ठेवताना मी आठवडाभर मुद्दाम पाहिले होते, ऊन टँकपर्यंत अजिबात येत नव्हते. शेवाळाचे म्हणाल तर सौभाग्यवतींना विचारावे लागले. त्यांनी सांगितले की आधी खाली, रेतीच्या कडेला हिरवी पट्टी आली आणि मग ती वर सरकत गेली. त्यांना तेव्हाच ते विचित्र वाटले होते.

दक्षिणायन

वहिनींचे निरीक्षण हेच उत्तर आहे. तुम्ही ऊन पाहिले, पण जूनमध्ये.

पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे. जूनमध्ये माध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर, किंचित उत्तरेकडे असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून तो आत येत नाही. मेच्या मध्यावर आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस होतो, तो याच कारणाने. त्यानंतर सूर्य दक्षिणेकडे सरकतो आणि डिसेंबरच्या २१-२२ तारखेला माध्यान्हीलाही क्षितिजापासून फक्त ४८ अंशांवर असतो. आता खिडकीची वरची चौकट सात फुटांवर आणि टँकचे स्टँड अडीच फुटांचे धरा. ऑक्टोबरच्या वीस तारखेच्या आसपास माध्यान्हीचा सूर्य सुमारे ६१ अंशांवर येतो, आणि अडीच फूट आत त्याचा किरण नेमका अडीच फूट उंचीवर, म्हणजे टँकच्या तळाशी टेकतो. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात तोच किरण काचेवर आठ इंच वर चढलेला असतो, आणि डिसेंबरात पूर्ण काच उन्हात असते. ही पट्टी खालून वर चढते ती म्हणूनच. हा हिशेब माध्यान्हीचा आहे. सकाळी आणि दुपारनंतर ऊन तिरपे होऊन याहूनही आत येते.

तुमचा टायमर दिव्याचे तास मोजतो. उन्हाचे तास कोणी मोजतच नाही. मोबाइलवर प्रकाश मोजण्याचे ॲप घ्या, त्याचे आकडे काटेकोर मानू नका, तुलनेपुरते वापरा. दुपारी साडेबाराला दिवा बंद ठेवून मोबाइल उजव्या काचेला बाहेरून खिडकीकडे तोंड करून धरा, आणि रात्री पाण्याच्या पृष्ठभागाजवळ दिव्याकडे तोंड करून. जो फरक दिसेल तो येथे लिहा.

गप्पीवाला (पुणे)

काल रविवार होता, म्हणून घरी थांबून मोजले. रात्री दिव्याखाली साडेसहा हजार लक्सच्या आसपास आकडा आला. दुपारी उजव्या काचेपाशी चाळीस हजारांच्या वर गेला आणि स्थिरच होईना. मोबाइल बिघडला असे वाटून मुलीच्या मोबाइलवर पाहिले, तरी तेच. ऊन काचेवर सकाळी पावणेअकराला आले आणि दीडनंतर खिडकीच्या चौकटीची सावली पडून गेले. आठवड्याचे पाच दिवस आम्ही दोघेही तेव्हा ऑफिसात असतो, त्यामुळे हे आम्हाला दिसणे शक्यच नव्हते.

दिव्याचे दोन तास कमी करून मी व्हॅलिस्नेरियाला उपाशी ठेवले आणि शेवाळाची पंगत खिडकीतून चालूच राहिली.

पाणवनस्पती

दक्षिणायन यांना नमस्कार. मी लुमेनचे भागाकार करत बसले आणि खिडकी विचारलीच नाही.

आता टँक हलवू नका. ५४ लिटरचा भरलेला टँक, रेती आणि काच धरून साठ-सत्तर किलोंचा होतो, आणि भरलेला टँक उचलला की सांधे सुटतात. उजव्या आणि मागच्या काचेला बाहेरून काळा कागद किंवा पुठ्ठा लावा. पडदा लावला तरी चालेल, पण पडदा कोणीतरी उघडते. आधी साचलेले शेवाळ हाताने काढा आणि तीन-चार दिवसांच्या अंतराने एक तृतीयांश पाणी बदला. तोवर दिवा सहा तासच ठेवा. नवे शेवाळ थांबले की सातावर न्या. आणि झाकणाची काच पुसता का? पुण्यात बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्याचा पांढरा क्षार तिच्यावर बसतो आणि वरून येणारा प्रकाश अडवतो. काच काढून पांढरे व्हिनेगर लावून धुवावी. अनुबियसच्या ठिपक्यांची जुनी पाने कापून टाका, ती पुन्हा स्वच्छ होत नाहीत.

उन्हाळी

पुठ्ठ्यापेक्षा थर्माकोल लावावा, असे सुचवतो. ऊन अडेल आणि उन्हाची उष्णताही. काळा कागद तापतो, आणि लहान टँकमध्ये त्याने अंशभर फरक पडू शकतो.

गप्पीवाला (पुणे), साडेतीन आठवड्यांनंतर

उशिरा लिहीत आहे, पण निष्कर्षाशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

उजव्या काचेला टीव्हीच्या खोक्यातला अर्धा इंची थर्माकोल कापून लावला. मुलीने त्यावर आतल्या बाजूने निळा कागद चिकटवला, त्यामुळे तो मुद्दाम लावल्यासारखा दिसतो. पट्टी दोन लाकडी ठोकळ्यांवर चार इंच उचलली. झाकणाची काच व्हिनेगरने धुतली, तेव्हा ती मुळात पारदर्शक होती हे आठवले. पहिला आठवडा काही फरक जाणवला नाही. दुसऱ्या रविवारी कार्ड फिरवले तर निघाले ते फक्त पुसट तेलकट पाणी. तिसऱ्या रविवारी कार्ड फिरवण्याची गरज पडली नाही. अनुबियसला एक नवे पान आले आहे, त्यावर एकही ठिपका नाही. जुन्यांपैकी चार पाने कापली. कापताना जीव हळहळला.

दिवा आता सात तास, दुपारी चार ते रात्री अकरा, डिजिटल टायमरवर. व्हॅलिस्नेरियाचा पिवळेपणा कमी होत आहे, आणि रेतीतून तीन नवी रोपे वर आली आहेत. निशाचर यांच्या सांगण्यावरून रात्री अकरानंतर दहा मिनिटे हॉलचा दिवा चालू ठेवतो. तेवढ्या वेळात निऑन तळाशी लाकडाखाली जमतात आणि आमच्या देखत फिके होत जातात. मुलगी ते पाहायला जागी राहू लागली आहे, हा नवा त्रास.

एकच विचारायचे राहिले. थर्माकोल केव्हा काढू?

दक्षिणायन

वर्षभर राहू दिला तरी माशांची तक्रार नसेल. काढायचाच असेल तर फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात. तेव्हा माध्यान्हीचा सूर्य पुन्हा ऑक्टोबरच्या विसाच्या उंचीवर येतो. कॅलेंडरवर दसऱ्याच्या चौकटीत खूण करून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी वेळेत परत लावता येईल.